वरची दुसरी दाढ

बाईंनी पेटी उघडली. आत कापूस,
कापसावर वरच्या जबड्याचा तुकडा, उजवीकडचा,
तीन दाढा, आणि सुळ्याच्या जागी भोक.
प्लास्टरचाच. मूळ आफ्रिकेतल्या कपाटात आहे,
त्याला प्रवासाची परवानगी नाही, म्हणाल्या.
"सहा प्रती हव्यात. बुडबुडा एकही नको."

घणसोली गावात माझी लॅब,
साडेबारा टक्क्यांतल्या प्लॉटवर चार मजले, तळाला मी.
वीस वर्षं सेक्टरांतल्या डॉक्टरांसाठी
कवळ्या, कॅप, ब्रिज.
माकडाची ऑर्डर पहिलीच.
पावतीवर पेशंटचं नाव काय लिहू, विचारलं,
तर टिपणीस बाई हसल्या नाहीत.
"तेच तर ठरत नाहीये."

भिंगाखाली दाखवलं:
आजच्या माकडाच्या दाढेवर दोन आडवे बांध,
समोरासमोर, मधे पाट.
खाचरासारखं, मी म्हणालो.
पण या दाढेवर तिसरी एक धार,
कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तिरकी.
मधल्या दाढेवर ठसठशीत, मागच्या दाढेवर नुसती शंका.

ती धार मी ओळखतो.
माणसाच्या वरच्या दाढेची कॅप करताना
रोज मेणात कोरतो ती, चाकूच्या टोकाने.
नाही कोरली तर डॉक्टर परत पाठवतात.
"आपण ठेवली, माकडांनी सोडली," बाई म्हणाल्या,
"हे दीड कोटी वर्षांपूर्वीचे, सोडायला निघालेले.
कुठवर पोचले, त्यावरून नाव."

मला आमची वाट आठवली,
गावातून मिठागराकडे जाणारी.
सिडकोने चौकोन आखले, रस्ते काटकोनात वळवले,
तरी दोन बिल्डिंगांच्या मधून,
बागेच्या कुंपणातल्या फटीतून ती अजून दिसते,
कुठे ठसठशीत, कुठे नुसती शंका.

दुसऱ्या पेटीत खालचा जबडा.
दाढा सपाट, थाळीसारख्या.
"हा मोजण्यात धरत नाही. झिजलाय,
काही सांगत नाही."

आई आतून आली, मिश्रीचं बोट तोंडातून काढत.
"कोनाचं रं दात?"
"माकराचं, आये."
तिने बाईंना न विचारता जबडा उचलला,
दाढांवरून अंगठा फिरवला, सावकाश,
तांदळात खडे बघतात तसा.
"म्हातारा व्हता. रेती खाल्ली यानं."

आजोबांचे असेच होते.
मिठागरावरच जेवायचे, वाऱ्यात,
घासाघासाला खार कचकचायची.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
काय, ते दाखवलं नाही.

पंधरा दिवसांनी प्रती न्यायला आल्या
तेव्हा परदेशात कुणाशी तरी वाद चालला होता.
तो म्हणतो दोन जाती, एक मोठी, एक लहान.
बाई म्हणतात एकच, हा नर, ती मादी,
सुळ्याचं भोक बघा केवढं आहे.
तोवर लेबलवर दोनच शब्द:
स्थान अनिश्चित.

सातबाऱ्यावर आजोबांचं नाव
मालकाच्या रकान्यात कधीच नव्हतं.
इतर हक्कात होतं, तेही पेन्सिलीने.
तेवढ्या पेन्सिलीवर, अकरा वर्षं खेटे घालून,
बापाने हा प्लॉट मिळवला.
लेबल वाचून मला वाईट वाटलं नाही.
पेन्सिलीने लिहा, एवढंच म्हणालो.

सहा प्रती गेल्या.
सातवी माझ्याकडे आहे, फसलेली,
बुडबुडा नेमका तिरक्या धारेवर आला.
रॅकवर ठेवलीय, सावंत डॉक्टरांच्या कवळ्यांशेजारी.
पैसे अजून यायचेत.

काल बँकेतून येताना बागेतून तिरका निघालो.
वॉचमन ओरडला, "ओ काका, इकडून वाट नाही!"
मी थांबलो नाही.
जिभेने वरची दुसरी दाढ चाचपत होतो, माझी.
आहे अजून. थोडी.